बाबूलाल मार्करचं स्नूकर

लासुर्ण्यात मुलाण्यांचं घर विचारलं की लोक उलट विचारतात, "कुठलं मुलाणी? मटणवालं का मार्कर?" मार्कर म्हणजे बाबूलाल. तालुक्यातल्या एका कारखान्याच्या वसाहतीत पूर्वी साहेब लोकांचा क्लब होता आणि क्लबात हिरव्या कापडाचं, स्नूकरचं भलंमोठं टेबल होतं. त्या टेबलाची एकतीस वर्षं चाकरी करून बाबूलाल निवृत्त झाले. कापडाची लव एकाच दिशेनं ब्रशनं बसवायची, आठवड्यातून एकदा कोमट इस्त्री फिरवायची, बॉल पुसून जागच्या जागी मांडायचे आणि साहेब खेळायला लागले की फळ्यापाशी उभं राहून गुण पुकारायचे. या पुकारणाऱ्याला मार्कर म्हणतात. त्यांना इंग्रजी येत नाही, पण इंग्रजी आकडे एकशे सत्तेचाळीसपर्यंत पाठ आहेत. एका डावात त्यापुढं सहसा कुणी जात नाही, त्यामुळे पुढच्या आकड्यांची गरजच पडली नाही.

क्लबातलं टेबल गेलं, तिथं लग्नाचा हॉल झाला. मग कितीतरी वर्षं बाबूलालनी स्नूकरचं नावही काढलं नाही. नऊ वर्षांपूर्वी मुलानं, आरिफनं, मोबाइलवर सहज एक मॅच लावून दिली, आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. तिकडं इंग्लंडात हातमोजे घातलेला माणूस बॉल पुसून जागेवर ठेवत होता. "आरं, ह्यो तर माझंच काम करतोय!" तेव्हापासून वर्षभरातली एकही मोठी स्पर्धा त्यांनी सोडली नाही. चीनमधली असेल तर दुपारची जेवणं उरकायच्या आधी, इंग्लंडातली असेल तर दिवेलागणीला. स्पर्धांच्या तारखा त्यांनी उरूस आणि ईद लिहिलेल्या कॅलेंडरवरच पेन्सिलीनं लिहून ठेवल्या होत्या. त्यांचा आवडता खेळाडू उंच, काटकुळा, म्हणून घरात त्याचं नाव 'लांब्या'. लांब्या हरला की त्या दिवशी बाबूलाल चहात साखर घेत नसत.

सून मेहजबीन इंदापूरच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. तिला या खेळात काडीचा रस नव्हता, पण एकाच खोलीत टीव्ही आणि त्याच खोलीत निवडणं-टिपणं, त्यामुळे बघून बघून तिलाही कळायला लागलं होतं. लाल बॉलचा एक गुण, मग एखादा रंगीत, मग पुन्हा लाल. पिवळा दोन, हिरवा तीन, तपकिरी चार, निळा पाच, गुलाबी सहा, काळा सात. तिची एकच कुरकुर असायची, ती आवाजाची. बाबूलाल टीव्हीचा आवाज असा ठेवत की समोरच्या गोठ्यातली म्हैस कान हलवायची.

जानेवारीत लंडनला निवडक सोळा जणांची स्पर्धा असते. त्या दिवशी लांब्याची मॅच साडेसहाला होती. रोज शेजारी येऊन बसणारे जोतीरामतात्या आले नव्हते. त्यांच्या उसाला तोड लागली होती, तोडणी मजुरांची टोळी रानात उतरली होती. आठ वर्षांची नात लैला कोपऱ्यात बसून पाढे घोकत होती.

"दादा, आवाज बंद करा ना. सतराचा पाढा राहत नाही डोक्यात."

नातीचा शब्द बाबूलालनी कधी मोडला नव्हता. आवाज बंद झाला. मेहजबीन मेथी निवडत बसली होती. पडद्यावर एका खेळाडूनं निळा बॉल मधल्या पॉकेटात घातला.

"वाऽ! काळा घातला बघ लांब्यानं!"

मेहजबीन हसली. "अब्बा, निळा होता तो."

"व्हय, निळाच म्हणलो मी."

"आणि लांब्या तर खुर्चीत बसलाय. खेळतोय तो टकल्या."

बाबूलालनी डोळे बारीक केले. मान जराशी पुढं झाली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, आता मुद्दाम, "अब्बा, आता कुठला मारायच्या बेतात आहे?"

"तूच सांग बघू. इतकी वर्षं बघतीस, शीक जरा."

मेथीची जुडी तिच्या हातात तशीच राहिली. आवाज का लागतो, ते तिला त्या क्षणी कळलं. पंच प्रत्येक बॉलनंतर आकडा पुकारतो. 'वन' म्हणाला, लाल गेला. त्यावर 'एट' म्हणाला, म्हणजे सात वाढले, काळा गेला. एकतीस वर्षं आकडे पुकारलेला माणूस आकडे ऐकून अख्खं टेबल डोक्यात मांडत होता. आणि पंच जिथं गप्प असतो तिथं जोतीरामतात्या होतेच. "आता गुलाबी, लग्नातल्या फेट्यासारखा," असलं काहीबाही ते बडबडत असत. तिला वाटायचं, दोन म्हाताऱ्यांची करमणूक चाललीय.

आणि हाच माणूस रोज सकाळी लैलाला स्कूटरवर मागं बसवून चार किलोमीटरवरच्या शाळेत सोडत होता. कालव्याचा अरुंद पूल ओलांडून, हमरस्त्यानं, गाळपाच्या दिवसांत. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवरून लोंबणारा ऊस, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर.

आरिफची त्या आठवड्यात बारामतीच्या कंपनीत दुसरी पाळी होती. तो आला, जेवला, झोपला. मेहजबीननं त्याला सांगितलं नाही. आरिफ तापट, किल्ली हिसकावून घेतली असती आणि चार माणसांत बोलला असता. सासूबाई गेल्यापासून लैलाची शाळा हे एकच काम बाबूलालकडं उरलं होतं. त्यासाठी ते पहाटे उठून दाढी करत. पण तिला डोळे मिटले की पूलच दिसत होता. अब्बांचा मान एका बाजूला आणि पोरीचा जीव एका बाजूला, यात तोलण्यासारखं काय आहे, असं ती स्वतःलाच विचारत होती, आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

सकाळी बाबूलाल स्कूटर काढून फाटकाशी उभे राहिले. लैला मागं बसली. स्कूटर सुरू होती, पण निघेना.

"काय झालं, अब्बा?"

"काय न्हाय. जोतीराम येऊ दे. एकटं जाण्यापरीस दोघं बरं."

तेवढ्यात तात्यांची मोटारसायकल आली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, कड्यांचा खडखडाट गावभर. डेअरी शाळेच्या अलीकडंच होती.

"चल रं मार्कर! आज उशीर झाला, टोळीला च्या द्यायचा व्हता."

मेहजबीन पुढं झाली. "तात्या, तुम्ही रोज अब्बांच्या पुढंच असता का?"

"तर! म्या पुढं, त्यो मागं."

"कधी अब्बा पुढं, तुम्ही मागं, असं नाही होत?"

तात्यांनी टोपी सारखी केली. "त्याचं काय हाय सूनबाई... म्हंजे किटल्यांचा आवाज... न्हाय, म्हंजे दूध नासतंय उन्हानं."

"सकाळी सातला? जानेवारीत?"

"तात्या, गप बस की," बाबूलाल पुटपुटले.

मेहजबीनच्या ध्यानात आलं. पंचाच्या आवाजावर मॅच आणि किटल्यांच्या आवाजावर हमरस्ता! ती शक्य तितक्या सहज म्हणाली, "अब्बा, आज मीच सोडते. शाळेत बाईंना भेटायचंय." बाबूलाल खाली उतरले. किल्ली स्कूटरलाच होती. हँडल धरून स्कूटर तिच्या हाती देताना त्यांनी विचारलं, "आजच्यापुरतंच ना?" तिनं स्कूटरचा आवाज वाढवला आणि ऐकूच न आल्यासारखं करून निघाली.

संध्याकाळी लैला अरबी शिकायला मशिदीत गेली होती. टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा, तात्या शेजारी. काल लांब्या जिंकला होता, आज त्याची पुढची मॅच होती. शेवटचा डाव, दोघं बरोबरीत. लांब्या टेबलावर ओणवा झाला, काठी मागंपुढं केली, फटका मारला, लाल बॉल पॉकेटात गेला. टाळ्या. आणि पंचानं आकडा पुकारायच्या आधीच लांब्या सरळ उभा राहिला, बाहीकडं बोट दाखवलं आणि जाऊन खुर्चीत बसला.

"काय झालं? आकडा का न्हाय पुकारला?" बाबूलालनी विचारलं.

"बाही लागली वाटतं गुलाबीला," तात्या म्हणाले. "कुणी बगितलं न्हवतं बरं का. पंचानंबी न्हाय. येडंच हाय. गप बसला असता तर जिकला असता की!"

"येडा तू हायस," बाबूलाल ताडकन म्हणाले. "ह्या खेळात आपला फाउल आपण सांगायचा. पंचाची वाट बघायची न्हाय. आमच्या क्लबात मोठं मोठं साहेब गप ऱ्हायचे, आन् मार्करनं बोलायचं न्हाय असा शिरस्ता. एकदा मीच बोललो, 'फाउल, साहेब.' आठ दिवस बागंत पाणी घालायला लावलं मला." ते हसले, आणि हसता हसता थांबले.

मेहजबीन दारातच उभी होती. काय बोलायचं ते तिनं दिवसभर जुळवून ठेवलं होतं, ते सगळं विसरली.

"अब्बा, मग आपलं कधी सांगायचं?"

तात्या उठायला लागले. "गुरांचं बघतो जरा..."

"बसा तात्या. तुम्ही पण आहात यात."

टीव्हीवर लांब्याच्या समोरचा खेळाडू एकेक बॉल घालत होता, पंच पुकारत होता. कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं.

"कधी कळलं तुला?" बाबूलालनी विचारलं.

"काल. निळ्याला काळा म्हणालात तेव्हा."

"निळाच व्हता न्हवं? मला वाटलंच." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "धुकं पडल्यावानी हाय. दोन वर्सं झाली. उजवीकडं जरा जास्ती. पोरीला घेऊन जातो तवा लई हळू जातो गं. लई हळू."

"हळू जाणाऱ्याला ट्रॉलीवाला हळू येतो का, अब्बा?"

तिचा आवाज चढला होता. आपण सासऱ्यावर ओरडलो, हे लक्षात येऊन तिला रडूच फुटलं. तात्या जमिनीकडं बघत म्हणाले, "म्याच म्हणलो त्याला, माझ्या मागनं ये. चूक माझी हाय."

"तुझी न्हाय," बाबूलाल म्हणाले. "माझी. किल्ली घेतली तर मग माझं काम काय, ह्या भ्यानं बोललो न्हाय. पोरगी मागनं कमरेला धरून गाणी म्हणती. त्याचा मोह." त्यांनी चाचपून रिमोट शोधला आणि टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "आरिफला मीच सांगतो. तू नको सांगू."

त्यांनी सांगितलं. आरिफ ओरडला, तात्यांनाही ओरडला, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून बापाला बारामतीच्या दवाखान्यात घेऊन गेला. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, उजव्यात चांगलाच पिकलेला. आधी उजवा, महिन्याभरानं डावा, असं ठरलं. ऑपरेशनच्या टेबलावर झोपवल्यावर वरचा मोठा दिवा बघून बाबूलालनी डॉक्टरांना विचारलं म्हणे, "ह्यो दिवा आमच्या टेबलावर असता तर सावली पडली नसती. कितीला मिळतो?"

पट्टी निघून, थेंबांचे दिवस संपत आले तेव्हा एक बारीकशी स्पर्धा सुरू झाली. लैलानं स्वतः टीव्ही लावला. आवाज बेताचाच. पडद्यावर लांब्या आला. बाबूलाल पुढं सरकले, मागं सरकले, आणि एकदम ओरडले, "आरं, हा तर म्हातारा झाला की!"

खरंच होतं. कानशिलं पांढरी झाली होती, डोक्यावरचे केस विरळ. तात्या म्हणाले, "आन् तू काय ल्हान राह्यलास व्हय? आरशात बघ जा."

"बघितलं आरशात. त्यापरीस धुकं बरं व्हतं."

लैला खो खो हसली. मेहजबीन चहा घेऊन आली. बाबूलालनी कप घेतला, पण नजर तिच्या तोंडावरून हलेना. ती जरा अवघडलीच. अकरा वर्षांत ते तिच्याकडं असे थेट बघत बसले नव्हते.

"काय अब्बा? साखर कमी झाली का?"

"डोळ्याखाली काळं केवढं झालंय तुझ्या. कधीपास्नं झोपली न्हाईस, पोरी?"

तिनं पदर सारखा केला आणि स्वयंपाकघराकडं वळली.

"आन् हे बघ," मागून आवाज आला. "किल्ली तुझ्याकडंच असू दे. डावा झाल्यावर डॉक्टर 'चालवा' म्हणाला तरी मी मागणार न्हाय. तुला झोप लागायला लागली की तूच दे."