मोहनकाका आणि भेसळीचा समुद्र

समुद्रावर जाऊन आलं की बूट कितीही झटकले तरी महिनाभर वाळू निघत राहते. मोहनकाकांचे किस्से तसेच आहेत. संपले म्हणावं तर एक निघतोच.

जर्मनीहून परत येऊन मला वर्ष झालं. आता मी दापोलीजवळच्या एका जेट्टीवर मासेवाल्या बायकांबरोबर काम करते. बर्फ, स्वच्छ पाणी आणि सावली एवढ्या तीन गोष्टींसाठी रोज कुणाशी तरी भांडते. आपली छोटी बंदरं सुधारू शकतात यावर माझा ठाम विश्वास आहे. पण तिकडे काय शिकलीस असं कुणी विचारलं, की डिग्रीच्या आधी काकाच आठवतात.

मोहनकाका म्हणजे माझा मित्र निखिल, त्याचे वडील. आयुष्यभर जकात नाक्यावर होते. पोत्यात सळी खुपसून आत मिरच्या आहेत की मिरच्यांखाली आणखी काही, हे वासावरून सांगायचे. नाके बंद झाले, काका रिटायर झाले, पण सळी काही त्यांनी खाली ठेवली नाही.

दक्षिण जर्मनीत एर्लांगेनमध्ये निखिल, त्याची बायको केतकी आणि सहा वर्षांची इरा राहायचे. मी शेजारच्या गल्लीत राहणारी स्टुडंट, जेवायला कायम त्यांच्याकडे. काका तीन महिन्यांसाठी आले होते. त्याच सुमाराला केतकीला विस्मारहून नोकरीची ऑफर आली. विस्मार म्हणजे उत्तरेला बाल्टिक किनाऱ्यावरचं छोटंसं बंदराचं शहर. काम जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्यांच्या डिझाइनचं. इरा झाल्यापासून केतकी एकच व्हॉल्व्ह टेस्ट करत बसली होती, त्यामुळे ही ऑफर तिच्यासाठी काय होती ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. अडचण एकच. घर नव्हतं, आणि घर नसेल तर इराला शाळा नाही, शाळा नाही तर नोकरीला नकार.

ढीगभर मेल गेले. मराठी आडनाव बघून घरमालक गप्प बसतात की काय, अशी शंका मलासुद्धा यायला लागली होती. शेवटी फ्राऊ हान्झेन नावाच्या एका घरमालकीणबाईंनी तासाभरात उत्तर दिलं: शनिवारी दुपारी या, घरातल्या सगळ्यांना घेऊन या.

“तासाभरात?” निखिल म्हणाला. “फ्रॉड असणार.”

“सगळ्यांना घेऊन या?” काका म्हणाले. “टोळी असणार.”

*

निघण्याआधी बाईंनी एक फॉर्म पाठवला. नोकरी काय, घरात माणसं किती, कुत्रा आहे का, कोणी वाद्य वाजवतं का.

केतकीने एकेक प्रश्न वाचून मराठीत सांगितला. काका लक्ष देऊन ऐकत होते.

“स्वयंपाक येतो का, असं विचारलंय?”

“नाही बाबा. पण जास्त फोडण्या घालता का, हे मनात असणार.”

“आणि गाता येतं का, ते विचारलंच आहे.” काकांनी चष्मा काढला. “अगं, हा तर मुलगी बघण्याचा कार्यक्रम आहे. फक्त इथे पोहे आपणच न्यायचे.”

*

शुक्रवारी दुपारी विस्मारला उतरलो. स्टेशनबाहेर वारा असा, की काकांनी माकडटोपी कानावरून खाली ओढली. बसमध्ये चढताना ड्रायव्हर त्यांच्याकडे बघून म्हणाला, “मॉइन.”

काका थबकले. मागे वळून बघितलं आणि जाऊन बसले.

बेकरीत गेलो. काउंटरवरची बाई म्हणाली, “मॉइन.” बंदराच्या रस्त्यावर एक म्हातारा कुत्रा फिरवत होता. तोही काकांच्या डोळ्यांत बघून म्हणाला, “मॉइन.”

काकांनी निखिलचा दंड धरून त्याला भिंतीशी नेलं. “माझं नाव या लोकांना कोणी दिलं?”

“कोणी नाही हो बाबा. मोहन नाही, मॉइन म्हणतायत. गुड मॉर्निंगसारखं आहे ते.”

“दुपारी चार वाजता?”

“इथे दिवसभर म्हणतात.”

“दिवसभर गुड मॉर्निंग. आणि तू इंजिनियर, तुला हे पटलं.”

मग मीही समजावलं, केतकीनेही समजावलं. काकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कुत्रेवाला म्हातारा पुन्हा भेटला. आदल्या दिवशीची ओळख म्हणून त्याने हात वर केला आणि प्रेमाने म्हणाला, “मॉइन, मॉइन.”

काका हळूच माझ्याकडे झुकले. “आता दोनदा. म्हणजे काहीतरी तातडीचं आहे.”

*

काका मूळचे रेवदंड्याचे. समुद्र बघितला की आधी त्याला हात लावायचा, हा त्यांचा रिवाज. बंदराच्या कडेला दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात, तिथे शुक्रवारीच ते वाकले, दोन बोटं बुडवली आणि जिभेला लावली.

मग पुन्हा लावली.

“गौरी,” त्यांनी मला हाक मारली. “हा समुद्र भेसळीचा आहे.”

मला अशी संधी हवीच असते. मी सांगायला लागले, की बाल्टिक हा जवळजवळ बंद समुद्र आहे, बाहेर जायची वाट अरुंद, चहूबाजूंनी नद्या येऊन मिळतात, त्यामुळे मीठ कमी. हातवारे करून नकाशाही काढून दाखवला.

“म्हणजे पाणी घातलंय,” काका म्हणाले. “मी वेगळं काय म्हणालो?”

इराच्या खिशात रस्त्यावर चित्रं काढायचा खडू होता. तो घेऊन काकांनी पाण्याच्या कडेला पायरीवर रेघ मारली. संध्याकाळी जेवण झाल्यावर सगळ्यांना परत तिथे नेलं. पाणी रेघेवरच. बोटभरही हललं नव्हतं.

“इथे भरती-ओहोटी जाणवतच नाही, काका,” मी म्हणाले.

काकांनी वाकून रेघेवर बोट फिरवलं. “खारट नाही, हलत नाही. बोर्ड मात्र समुद्राचा लावलाय.”

*

शनिवारी सकाळी धक्क्याला लागलेल्या एका होडीवरून आम्ही हेरिंग घातलेले पाव घेतले. मासा व्हिनेगरमध्ये मुरवलेला, शिजवलेला नव्हे. काकांनी पाव उघडून आत बघितलं, कांदा बाजूला केला, मासा उलटा करून बघितला. माल पास होतोय न होतोय, तोवर मागून एक सीगल आला आणि आख्खा मासा घेऊन गेला. काकांच्या हातात नुसता पाव.

होडीवरचा माणूस हसला आणि दुसरा पाव बांधायला लागला.

“याचं आणि त्या पक्ष्याचं साटंलोटं आहे,” काका म्हणाले.

“बाबा, काहीतरीच काय,” निखिल वैतागला.

“मग मला सांग, एवढे मासे होडीत उघडे पडलेत. तिथला एक तरी उचलतोय का तो?”

आम्ही सगळ्यांनी होडीकडे बघितलं. एकही सीगल तिथे फिरकत नव्हता. निखिलने आपला पाव कोटाच्या आत धरला आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ला.

*

बंदराच्या कठड्याच्या टोकावर एक लहान मुलाचा लाल हातमोजा खोचलेला होता. काका थांबले.

“ही खूण आहे.”

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. मी म्हणाले, “खूण नाही, काका. कुणाचा तरी पडलाय. ज्याला सापडला त्याने तो उचलून सहज दिसेल असा वर ठेवला. ज्याचा आहे तो येईल आणि घेऊन जाईल. पोलीस नको, चौकीदार नको. अनोळखी माणसांचा एकमेकांवर विश्वास, बस. आपल्या प्रत्येक जेट्टीवर, प्रत्येक बाजारात हे होऊ शकतं. फक्त कुणीतरी सुरुवात करायला पाहिजे. मी परत जाऊन तेच करणार आहे.”

काकांनी सगळं ऐकलं. “छान बोलतेस. पण बुटाची नाडी सुटलीय तुझी, ती आधी बांध.”

मी बांधायला वाकले. वरून आवाज आला, “आणि विश्वासाचं म्हणत असशील, तर दुसरा हातमोजा कुठाय?”

*

दुपारी फ्राऊ हान्झेनच्या दारात उभे राहिलो, तेव्हा एक जर्मन जोडपं हसत हसत जिन्याने खाली उतरत होतं. मुलाच्या हातात कागदपत्रांची सुंदर फाइल. केतकीने आमच्या प्लास्टिकच्या फोल्डरकडे एकदा बघितलं आणि तो पर्सखाली धरला.

फ्राऊ हान्झेन सत्तरीच्या, ताठ, पूर्वी बंदरात क्रेन चालवायच्या. वरच्या मजल्यावर त्या राहतात, खालचा फ्लॅट भाड्याने द्यायचा. त्यांनी प्रत्येकाशी हात मिळवला आणि प्रत्येकाचे बूट बघितले. काकांनीही हात मिळवला आणि बाईंच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा बघितला.

फ्लॅट चांगला होता. स्वयंपाकघरात ऊन, खिडकीतून क्रेनची टोकं दिसत होती. इरा एका कोपऱ्यात जाऊन बसली आणि जर्मनमध्ये म्हणाली, हा माझा कोपरा. केतकी ओट्यावरून नुसता हात फिरवत होती. मला वाटलं, मिळू दे हिला हे घर.

काका एकेक खोली घेत होते. नळ सोडून बघितले, खिडक्या उघडून लावल्या, भिंतींवर बोटाने टकटक केलं. फ्राऊ हान्झेन चार पावलं मागे, डोळ्यात तेल घालून. बेडरूममध्ये भिंतीला टेकून ओकचं एक अवजड कपाट होतं. काका तिथे थांबले, मान वाकडी केली, नाक पुढे केलं.

“या कपाटामागे या बाईने काहीतरी लपवलंय.”

फ्राऊ हान्झेननी विचारलं, आजोबा काय म्हणतायत?

“आल्झो...” निखिलने सुरुवात केली. जर्मनमध्ये पुढचं वाक्य सुचेपर्यंत वेळ काढायला हा शब्द फार उपयोगी. “ते म्हणतायत, कपाट फार सुंदर आहे.”

“नाइन,” म्हणजे नाही, इरा म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते, आणि शाळेत तिला खरं बोलायला शिकवलंय. तिने स्वच्छ, खणखणीत जर्मनमध्ये सांगून टाकलं: “आजोबा म्हणतात, तुम्ही कपाटामागे काहीतरी लपवलंय.”

निखिलचे कान लाल झाले. फ्राऊ हान्झेननी काकांना वरपासून खालपर्यंत बघितलं. काकांनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं.

मग बाईंनी बाह्या सरसावल्या आणि कपाटाला एका बाजूने हात लावला. काकांनी दुसऱ्या बाजूने लावला. निखिल भानावर येऊन मध्ये घुसला. कपाट करकरत पुढे सरकलं.

मागे भिंतीवर परातीएवढा ओलसर काळा डाग. बुरशी.

फ्राऊ हान्झेन वाकल्या, बोट लावलं, वास घेतला. काकाही वाकले, वास घेतला. “आतून पाइप गळतोय,” काका मराठीत म्हणाले. “दोनदा येऊन गेला तो पाइपवाला,” बाई जर्मनमध्ये म्हणाल्या. “दोन्ही वेळा म्हणाला, कोरडं आहे, कपाट हलवायची गरज नाही.” दोघं एकमेकांकडे न बघता, भिंतीकडे बघून बोलत होते.

मग बाई उठल्या, कोरड्या आवाजात म्हणाल्या, “कळवते,” आणि आमच्या मागे दार लागलं.

रस्त्यावर आल्यावर निखिल दहा पावलं पुढे चालायला लागला. दोन दिवस विश्वासावर भाषणं देणारी मी, मनात एकच म्हणत होते, काकांना हॉटेलवर ठेवायला हवं होतं.

“मी चुकीचं काय बोललो?” काकांनी केतकीला विचारलं.

“काही नाही हो बाबा,” ती म्हणाली. तिने इराची टोपी नीट केली. आधीच नीट होती ती.

*

रविवारी परतीच्या ट्रेनमध्ये बसलो. केतकी मोबाइलवर नकाराचा मेल लिहीत होती. “मान्यवर” पर्यंत आली होती आणि तिथेच होती. तेवढ्यात फोन वाजला. फ्राऊ हान्झेन.

“या,” केतकी म्हणाली, जर्मनमध्ये म्हणजे हो. मग “या, या.” मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. आम्ही तिच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का बघत होतो. “गेनाऊ,” ती म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर, आणि डोळे पुसले. मग म्हणाली, “हो, विचारते त्यांना. येतील.”

फोन ठेवला. लिहिलेला मेल पुसून टाकला.

“घर दिलं,” ती म्हणाली. “भिंत दुरुस्त झाली की लगेच.”

निखिलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी इराला उचललं.

“पण एक अट आहे,” केतकी काकांकडे वळली. “गुरुवारी तो पाइपवाला परत येणार आहे. बाई म्हणतात, माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. तुमच्या सासऱ्यांना पाठवा. ते शेजारी उभे राहिले, तरच मी त्याला घरात घेईन.”

काकांनी खिडकीबाहेर बघितलं.

“काल भेटलेल्या माणसावर एवढा विश्वास?” ते म्हणाले. “केतकी, या बाईकडे जरा लक्ष ठेव गं. कुणीही फसवेल तिला.”