जकातीच्या साड्या

रमजान लागला की पनवेलच्या कापडबाजारात एक वाक्य हमखास कानावर पडतं, आणि ते ऐकलं की मला किळस येते. चांगल्या घरातली बाई साड्या चाळता चाळता म्हणते, "ही नको हो, जकातवाली दाखवा. द्यायचीच आहे." दुकानदारालाही ते बरोबर कळतं. तो सगळ्यात खालचा गठ्ठा ओढतो.

जकात म्हणजे काय ते मला घरातच कळलं, कारण आम्ही घेणाऱ्यांतले होतो. गरजा आणि कर्ज वजा जाता ज्याच्याकडे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सोनं-चांदी, रोकड किंवा विक्रीचा माल वर्षभर राहतो, त्याने त्यातला चाळिसावा हिस्सा काढायचा. तो हिस्सा गरिबाच्या हक्काचा. श्रीमंताने तो स्वतःजवळ ठेवला, तर त्याचा उरलेला पैसाही मळका. माझे वडील टेम्पो चालवायचे. माझ्या कॉलेजची फी कुणीतरी जकातीतून दिली. मशिदीतल्या मौलानांनी पैसे माझ्या हातावर ठेवले, देणाऱ्याचं नाव सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तुझा हक्क होता, तुला पोचला. दुआ कर, बस." आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या पैशांवर, आणि त्या माणसासाठी मी आजही दुआ करतो.

पुढे मी एका कर सल्लागाराच्या ऑफिसात लागलो. आमच्याकडे येणारा एक कापडाचा मोठा व्यापारी जकातीचा हिशेबही माझ्याकडूनच करून घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी, रमजानच्या तोंडावर, माझ्या खालाची म्हणजे मावशीची खोली जायची वेळ आली. खाला विधवा. साड्यांना फॉल-पिको करून पोट भरते. भाड्याचा करार संपला तसं घरमालकाने डिपॉझिट दुप्पट मागितलं. ईदपर्यंत द्या, नाहीतर खोली सोडा. तिची गिऱ्हाइकं सगळी आसपासची. खोली गेली की काम गेलं. माझ्या पगारातून जमलं ते मी दिलं, पण ते पुरत नव्हतं. याच शेठच्या दुकानाचं पिको ती करायची, म्हणून तिने त्याच्याकडे शब्द टाकला. तो म्हणाला, "रमजानमध्ये जकात काढतो ना, तेव्हा बघू." खाला त्या 'बघू'वर थांबली.

रमजान संपत आला तेव्हा दुकानासमोर मांडव पडला. बायकांची रांग, प्रत्येकीला दोन साड्या, आणि साडी घेताना फोटो. मान खाली घातली तर फोटोवाला सांगायचा, "इकडे बघा, इकडे." आपलं पैशांचं पाकीट वेगळं ठेवलं असेल या आशेने खालाही रांगेत उभी राहिली. पाकीट नव्हतं. इफ्तार झाल्यावर तिने आमच्या घरी पिशवी उघडली. घडीच्या रेषांवर पिवळे डाग, कोंदट वास. आईने एक साडी जरा ताणून पाहिली, तर टर्रकन फाटली.

"याला सुई लावली तरी चाळण होईल," खाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी हिशेबाला गेलो. शेठने वाटलेल्या साड्यांची रक्कम जकातीतून वळती करायला सांगितली, आणि तीही लेबलावरच्या किमतीने. हा माल मी ओळखत होतो. आदल्या वर्षी त्याच्याच सांगण्यावरून मी तो बुडीत दाखवला होता. इन्कम टॅक्सला शून्य, अल्लाला पूर्ण किंमत!

"शेठ, जकातीत माल आजच्या बाजारभावानेच धरतात," मी म्हणालो. "आणि याला बाजारात भावच नाही."

तो हसला. "तू मुनीम आहेस का मुफ्ती?"

"कुराणातच आहे, शेठ. आपल्याला कुणी दिलं तर डोळे मिटूनच घेऊ, असलं निवडून देऊ नये."

त्याचं हसू गेलं. "शिकलास कुणाच्या पैशावर रे? आमच्यासारख्यांच्या जकातीवरच ना? अब हमको सिखाएगा?"

दुकानातले नोकर बघत होते. ज्याने खरंच दिलं त्याने नावसुद्धा कळू दिलं नाही, आणि हा दुसऱ्याचं देणं माझ्या तोंडावर फेकत होता. साड्यांची रक्कम मी वळती केली नाही. "तुमची पूर्ण जकात अजून बाकी आहे," मी म्हणालो. "त्यातल्या थोड्याशा पैशात माझ्या खालाची खोली वाचते."

"तिला साड्या मिळाल्या ना?" एवढं बोलून तो गिऱ्हाइकाकडे वळला. त्याचा हिशेब पुन्हा माझ्याकडे आला नाही.

ईदनंतर खाला तळोज्याला गेली, तिथे डिपॉझिट कमी. मशीन मी आणि वडिलांनी टेम्पोत चढवलं. पनवेलची गिऱ्हाइकं एका साडीसाठी तिथवर जात नाहीत.

यंदा पहिल्यांदा माझ्यावरच जकात फर्ज, म्हणजे बंधनकारक झाली. ती आईवडिलांना देता येत नाही, गरजू मावशीला देता येते. मी तळोज्याला गेलो आणि जकात आणलीय म्हणून सांगितलं. खाला दारातच उभी राहिली.

"कपडा नाय ना रे?"

"रोख आहे, खाला."

"मग आत ये."

तिने पैसे घेतले, आभार मानले नाहीत, आणि मला तेच योग्य वाटलं. एवढ्या पैशात पनवेलची खोली परत मिळत नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. "दोन महिन्यांचं भाडं सुटेल," ती म्हणाली. तेवढ्यात तळोज्याच्या कारखान्यांचा आंबूस वास आत आला, तशी ती खिडकी लावायला उठली.