मापाचा ब्लाउज

ताईच्या उजव्या हाताची बोटं बधिर होत आहेत हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. मला ते चहामुळे कळलं. भरलेला कप तिच्या हातातून निसटला, आणि फुटल्याचा आवाज झाल्यावर तिने खाली पाहिलं.

मनगटात नस दबली आहे, असं डॉक्टर म्हणाले. हाताचं काम निम्म्यावर आणा, नाहीतर वर्षभरात कात्री धरता येणार नाही. ताई भोईवाड्यात, चाळीच्या तळमजल्यावरच्या आमच्या खोलीत, तीस वर्षं ब्लाउज शिवून देते. शिलाई समोरच्या चाळीतल्या दोन बायका आपापल्या घरी करतात. कापणी फक्त ताईची. कात्री सुटली की दुकान बंद, एवढा साधा हिशेब होता.

मी तेव्हा घरीच होतो. ज्या वर्तमानपत्रात मी डेस्कवर काम करत होतो तिथली आमची पाळी बंद झाली होती. दुसऱ्याच्या मजकुरातलं नको ते काढणं हे माझं बावीस वर्षांचं काम. तेच इथे करावं असं मी ठरवलं. त्यामागे फार काही भावना होती असं म्हणता येणार नाही. मला करायला काहीतरी हवं होतं.

तीन दिवस दाराशी स्टूल टाकून घड्याळ आणि वही घेऊन बसलो. ताई काय करते ते मिनिटांत लिहिलं. आमच्याकडची पद्धत अशी, की बाई ब्लाउजपीस आणते आणि त्याबरोबर अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज आणते. त्याला मापाचा ब्लाउज म्हणतात. बहुतेक जणी तो नेतच नाहीत. चिंधीने बांधलेली त्यांची बोचकी पोटमाळ्यावर वर्षानुवर्षं पडून असतात. दर वेळी ताई स्टुलावर चढायची, बोचकं शोधायची, गाठ सोडायची, ब्लाउजला इस्त्री करायची, पसरून मोजायची, पुन्हा बांधून वर ठेवायची. एक ब्लाउज कापायला तिला दहा मिनिटं लागत. मापाच्या ब्लाउजपायी बावीस जात.

माझा निष्कर्ष सरळ होता. प्रत्येक बाईचं टेपने एकदाच माप घ्यायचं, कार्डावर लिहायचं आणि बोचकी जिची तिला परत करायची.

"बायका टेप लावून घेत नाहीत," ताई म्हणाली.

"का?"

"नाही घेत."

वार्ताहराने असं उत्तर आणलं असतं तर मी त्याला परत पाठवलं असतं. इथे मी पुढे विचारलं नाही. ही सवय आहे असं धरून चाललो. ताईनेही वाद घातला नाही. त्या दिवसांत ती कशावरूनच वाद घालत नव्हती.

मापं सुरू झाली. ताई पडद्याआड टेप लावायची, मी बाहेर कार्ड लिहायचो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पांढऱ्या साडीवरचा ब्लाउज टाकायला आल्या. त्यांना तो चौदा एप्रिलच्या जयंतीला हवा होता. इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेल्या, आवाज वॉर्डभर पोचणारा.

"छाती अडतीस," ताईने आतून सांगितलं.

"अगं हळू! सगळ्या भोईवाड्याला ऐकवतेस काय?" काकू म्हणाल्या. मग पडद्याबाहेर डोकं काढून मला, "काय रे, पेपरात बातम्या संपल्या म्हणून आता आमची मापं छापणार?"

"कार्डावर लिहितोय, काकू."

"लिही, लिही. छत्तीस लिही."

मी अडतीस लिहिलं.

पंधरा दिवसांत पोटमाळा रिकामा झाला. ताईला स्टुलावर चढावं लागेना. मी वाचवलेल्या वेळाची वहीत बेरीज केली. बेरीज बरोबर होती.

पहिली खेप अठरा ब्लाउजांची होती. त्यातले तेरा परत आले. कोणाची बाही दंडाला रुतत होती, कोणाचा खांदा उतरत होता. काकूंचा कुशीत, काखेखालच्या शिवणीशी, घट्ट होता. ऐन एप्रिल, जयंती तोंडावर, त्यात लग्नं. ताईने तेराही स्वतः उसवले. उसवायला ब्लेड चिमटीत धरावं लागतं. मी ते वहीत लिहिलं नाही.

काकूंचं काम चालू असताना त्यांनी परत आणून दिलेला मापाचा ब्लाउज ताईने उलटा केला आणि माझ्यासमोर धरला. शिवणीच्या आत, राखून ठेवलेल्या कापडावर, सुईच्या भोकांच्या तीन ओळी होत्या.

"ही पहिली. ही धाकट्याच्या बाळंतपणानंतर सोडली. ही त्या नोकरीतून निवृत्त झाल्या तेव्हा. त्यांना न विचारताच सोडली मी. त्या समजतात, छत्तीसच आहे." मग म्हणाली, "टेप लावली की बाई अंग चोरते. तू तेच लिहून घेतलंस."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की."

तेरावा ब्लाउज उसवताना ब्लेड तिच्या अंगठ्यात गेलं. तिला कळलं नाही. पांढऱ्या कापडावर डाग दिसला तेव्हा तिने हात पाहिला. डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही. ऑपरेशन, आणि नंतर दीड महिना कात्री नाही. लग्नसराईत दीड महिना दुकान बंद राहिलं तर बायका नायगावातल्या टेलरकडे जातील आणि परत यायचं त्यांना कारण उरणार नाही. हे दोघांनाही माहीत होतं.

मी दारोदार जाऊन मापाचे ब्लाउज परत मागितले. बहुतेकींनी काही न विचारता दिले. एकीचा ओटा पुसायला गेला होता. तिने तो धुऊन, वाळवून दिला.

ऑपरेशनला आठ दिवस होते. घरात जुन्या अंकांचा गठ्ठा होता, त्यातली बरीच पानं मीच लावलेली. एकेक ब्लाउज पानावर पसरून ताई डाव्या हाताची बोटं शिवणीवरून फिरवायची. उजव्या हाताला भोकं लागत नव्हती. कुठे सोडलेलं आहे, कुठला खांदा खाली आहे, ती सांगायची. मी पेन्सिलीने रेघ ओढून कागद कापायचो. प्रत्येकीचा वेगळा कागद, वर नाव आणि खोलीचा नंबर, एका खिळ्याला वीस. मग नव्या कापडावर तो कागद ठेवून तिने मला कापायला लावलं. पहिली तीन अस्तरं मी वाया घालवली. चौथं तिने उचललं, उजेडात धरलं आणि ठेवून दिलं. ते चाललं.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी काकू नवा ब्लाउजपीस घेऊन आल्या. ताई भिंतीशी बसली होती, बँडेजचा हात उशीवर.

"आता हा कापणार?"

"तो फक्त कागदावरून कात्री चालवतो, काकू."

"टेप नाही ना?"

"नाही."

मी खिळ्यावरून त्यांचा कागद काढून पाटावर पसरलेल्या कापडावर ठेवला. ताईने काकूंकडे एकदा पाहिलं, डावा हात कागदाच्या कडेवरून नेला आणि मला जेमतेम ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, "कुशीला पाव इंच."

मी रेघ पाव इंच बाहेर ओढली.

"काय म्हणाली रे ती?" काकूंनी विचारलं.

"गळा विचारत होती," मी म्हणालो. "गोल की चौकोनी?"