गाणं गाळणारा विरेश

विरेश हत्तुरे आमच्या थेटरात सिनेमाचं मशीन चालवायचा आणि मी दारावर तिकिटं फाडायचो. थेटर पाडलं, आता तिथं गाड्या लावतात. मला लिहायची सवय नाही, हे नीट उतरेल की नाही तेही सांगता येत नाही. पण गेल्या रविवारी जे झालं, ते बघायला आमच्या वेळचं दुसरं कुणी नव्हतं.

बाजाराच्या दिवशी मालकाला एक खेळ जास्त हवा असायचा. मग वेळ वाचवायला मशीनवाला सिनेमाचा एखादा तुकडा गाळायचा. कुठला, ते त्याच्या मर्जीवर. आमच्याकडं एक भुताचा सिनेमा सारखा लागायचा. त्यात मेलेला जमीनदार झोपलेल्या तरुण डॉक्टरच्या खोलीत येतो. रक्त पिणार, तोच थांबतो. डॉक्टरची सरकलेली चादर नीट करतो, जरा वेळ बघत बसतो आणि निघून जातो. काही घडतच नाही, म्हणून बाकीचे मशीनवाले हाच तुकडा काढायचे. विरेश तो ठेवायचा आणि नाचाचं गाणं गाळायचा! लोक खुर्च्या आपटायचे, बाहेर येऊन माझी कॉलर धरायचे. मालक ओरडायचा, "गाढवा, पब्लिक गाण्याला आलंय!"

"चुकून झालं, मालक."

दर बाजाराला तीच चूक कशी होते, हे मी कधी विचारलं नाही.

विरेशनं लग्न केलं नाही. थोरली बहीण शांतम्मा मैंदर्गीला दिलेली. नवरा गेल्यावर तिनं इथं सोलापूरला घर घेतलं. तेव्हापासून दोघं तिच्याच घरात राहतात. तिनं त्याच्यासाठी गावोगाव पोरी बघितल्या. तो दर वेळी म्हणायचा, "आज खेळ हाय, अक्का."

त्या भुताच्या सिनेमाची आमच्या थेटरातली जुनी रिळं पूनम नावाच्या मुलीला मिळाली. ती इथं जुने सिनेमे दाखवणारं मंडळ चालवते. रविवारी सकाळी तिनं तो सिनेमा लावला आणि नंतर दोन शब्द बोलायला विरेशला बोलावलं. सोबत शांतम्माही आली, पहिल्या रांगेत जाऊन बसली.

विरेश मला बाहेर चहाला घेऊन आला.

"ज्ञानू, आज कुणी विचारलं तर खरं सांगनार हाय. पन अक्का समोर हाय. तिनं घराबाहेर काढलं तर या वयात कुटं जाऊ?"

"कसलं खरं?"

"मला बाई कधी नको व्हती. त्या जमीनदारागत हाय माझं."

"चहा गार होतोय," म्हणालो.

तो हसला. "तू दारावरचा त्यो दारावरचाच."

सिनेमात नाचणारीनं पाय उचलला आणि पुढच्या क्षणाला पडद्यावर डॉक्टर झोपलेला. पोरं हसली. संपल्यावर पूनमनं विचारलं, "काका, गाणं कुठं गेलं?"

विरेश माईक धरून उभा राहिला. "म्या काढलं. त्या काळात गड्यानं गड्यावर जीव लावलेला पडद्यावर दाखवत नव्हते. भुतानं लावलेला चालायचा. मग मी भुतालाच बघायचो. मी बी तसलाच हाय. तेवढा तुकडा माझा व्हता, त्यो कसा काढू?"

शांतम्मा उठली. ती दाराकडं जाणार असं मला वाटलं.

"विरू," ती तिथूनच म्हणाली, "त्या भुताला शेवटी मारलं कशापायी? पोराची चादरच नीट केली की त्यानं."

"अक्का, रगत पितोय त्यो."

"कुनी जेवाय घातलं नसंल."

सगळा हॉल हसला. विरेश हसला नाही, तिच्याकडं बघत राहिला.

"आनि तू," ती म्हणाली, "तवाच बोलायचं व्हतंस की रं. पोरी बघून बघून माझ्या चपला झिजल्या. आता चल घरला, भाकरी टाकायच्या हायत."

विरेश खुर्चीवर बसला आणि कितीतरी वेळानं त्यानं श्वास सोडला. मी पहिल्या रांगेच्या मागं बसलो होतो, तिथवर मला तो ऐकू आला. मीही सोडला.

परतताना मी रिक्षावाल्याशेजारी बसलो होतो. मागून शांतम्मानं विचारलं, "ते गानं कसं व्हतं रं?"

विरेशनं म्हणून दाखवलं. सगळी कडवी त्याला पाठ होती. आवाज फाटका, सूर जेमतेम. रिक्षावाल्यानं एकदा वळून बघितलं. शांतम्मा म्हणाली, "गानं बी काय वाईट नव्हतं," आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.