आग्वा तापादाची पितळी पाटी

आर्जेंटिनाच्या उत्तरेकडच्या त्या कोरड्या प्रांतात देमेत्रिओ आउमादांनी काय काय बांधलं, हे एलेउतेरिओ विल्दोसाला तोंडपाठ होतं. उद्घाटनाच्या पितळी पाट्या तोच कोरायचा. आउमादा आधी नगरसेवक, मग आमदार, मग बांधकाममंत्री झाले. दर बढतीला नावाची अक्षरं वाढत गेली. पुढे घोटाळ्याचा खटला झाला. शिक्षा झाली तेव्हा एलेउतेरिओलाच पाट्या काढायला लावल्या. वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली, तेव्हा परत बसवायला लावल्या. आता खटला पुन्हा पहिल्यापासून. माणूस चोर की साव, बिचाऱ्याने ठरवायचं तरी कसं? स्क्रूंची भोकं तेवढी सैल झाली होती.

त्यात त्यालाच साक्षीचं समन्स आलं. आग्वा तापादा गावात पाण्याच्या टाकीची पाटी बसवली, तेव्हा टाकी होती का?

नव्हती. तंबू, बँड, खिम्याच्या करंज्यांसारख्या एम्पानादा, सगळं होतं. टाकीच्या जागी नुसती एक भिंत. "टाकी निवडणुकीनंतर येतेय," आउमादा म्हणाले होते आणि पाटी बसवणारा म्हणून एलेउतेरिओने 'काम पूर्ण'च्या कागदावर मुकाट सही केली होती.

साक्षीच्या आदल्या दिवशी आउमादा स्वतः दुकानात आले. ते त्याच्या मुलीचे, नीदियाचे धर्मपिता. तिला हॉस्पिटलात नोकरीला चिकटवलं तेही त्यांनीच.

"काय रे, डोळे अधू झालेत म्हणे तुझे?"

"अक्षरं दिसतात अजून, देमेत्रिओसाहेब."

"मग अक्षरंच बघ. मागची भिंत कशाला बघतोस? आणि आपली नीदिया अजून कायम नाही झाली ना?"

रात्रभर त्याच्या डोक्याचा भुगा झाला. सकाळी नीदिया म्हणाली, "बाबा, पाहिलंत ते सांगा." तोंड मात्र तिचं पांढरंफटक पडलं होतं.

"भिंत होती साहेब, टाकी नव्हती," त्याने कोर्टात सांगून टाकलं. शुक्रवारी नीदियाची नोकरी गेली. सोमवारी कोर्टाने त्याला पाटी काढून आणायला धाडलं, पुरावा म्हणून.

आग्वा तापादात दोन्या फिदेला नावाची म्हातारी ती पाटी लिंबाने घासत होती. पाटी लखलखत होती.

"मी खरं सांगितलं, दोन्या फिदेला. टाकी नाही म्हणून."

"वा रे शहाण्या! टाकी नाही हे आम्हाला ठाऊक नव्हतं होय? गाढवावर पाणी काय तुझा बाप आणतो?"

"मग ही घासता कशाला?"

"कुणी साहेब आला की दाखवते. बघा, टाकी द्यायचं नावानिशी कबूल केलंय म्हणते. तू ही नेलीस की आमच्याकडे काय राहिलं?"

 खरं बोलून मुलीचं गेलं, आता ह्यांचंही चाललं. तीन स्क्रू निघाले होते. चौथ्याशी येऊन त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

म्हातारी आत गेली आणि भोपळ्याच्या वाटीत कडू काढा घेऊन आली, त्याच गाढवावरच्या पाण्याचा.

"पी आधी," ती म्हणाली, "आणि मग काढ. तुझा तरी काय इलाज आहे."