तिन्हीसांजेची उचकी

एका म्हातारीला मी लाइटच्या बटनाची थाप मारली होती. माझ्या आयुष्यातला सगळ्यात बावळट उद्योग हाच. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. अंगात आलेल्या बायांना मी हळूच चिमटा काढून बघायचे! पण हे जे झालं... ते तुम्हीच वाचा.

वाटूरला, फाट्यापासून थोडं आत, आमचं घर. ऐंशी साल नुकतंच सरलं होतं. मी नवी नवरी, दहावी पास, आणि अख्ख्या गावात आपल्यालाच सायन्स कळतं असा तोरा. आता आठवलं की त्या पोरीला एक टपली मारावीशी वाटते. घरात आमचे हे, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि धाकटे दीर दिगंबर. त्याच सुमाराला भाऊजींना कोकणात, समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या कोळशाच्या वीज केंद्रात नोकरी लागली.

ते गेले तेव्हा तिथे नुसती वाळू आणि केवड्याचं बन होतं म्हणे. मग दर दिवाळीला ते केंद्राची नवी हकिगत घेऊन यायचे. धुराडं बांधून झालं, कोळशाचं पहिलं जहाज लागलं, पहिलं युनिट सुरू झालं... एका वर्षी कोळणी फाटकावर येऊन भांडल्या, वाळत घातलेल्या मासळीवर काजळी बसते म्हणून. पुढच्या वर्षी कळलं, त्यांचेच नवरे आता धुराड्यावरचा लाल दिवा बघून होड्या किनाऱ्याला आणतात. भाऊजींच्या शर्टाच्या शिवणीत काळी भुकटी असायची. कितीही धुवा, जायची नाही.

आत्याबाईंना या सगळ्यातून एवढंच कळलं होतं की आपल्या घरातली लाइट दिगू पाठवतो. दिवेलागणीला बल्ब पेटला की त्या हात जोडायच्या आणि पुटपुटायच्या, "आला गं माझा लेक." मला हसू आवरायचं नाही. एकदा मला म्हणाल्या, "मी इतकी आठवण काढून राह्यले, त्याला कळत असंल का गं?"

"कळतं की! रोज हे बटन तीनदा खालीवर करा. आठवण काढली की माणसाला उचकी लागती ना? तशी तिकडं त्यांच्या मशीनला लागती."

"तिन्हीसांजेचा दिवा इझवायचा? काय बोलून राह्यली!"

"इझवायचा न्हाई, आत्याबाई, वाढवायचा. नारळ वाढवतो तसा."

पटलं! वर मी बजावलं, "भाऊजींना मात्र बिलकुल विचारायचं न्हाई. सरकारी गुपित हाय, नोकरी जाईल त्यांची."

त्या माउलीनं कधीच विचारलं नाही. दिवाळीला लेक समोर जेवायला बसलेला असायचा, आणि ह्या ओठावर आलेलं गिळून माझ्याकडे बघत डोळे मिचकावायच्या. बटन मात्र रोज, लाइट गेलेली असली तरी. "लाइट न्हाई तर काय झालं, आठवण तर हाय," म्हणायच्या.

वर्षं गेली. केंद्रात दुसरं युनिट आलं, भाऊजी कंट्रोल रूममध्ये बसू लागले. इकडे आत्याबाई अंथरुणाला खिळल्या आणि बटनाचं काम माझ्याकडे आलं. माझीच थाप, माझ्याच गळ्यात! चरफडत का होईना, करत होते.

त्या संध्याकाळी त्यांना धाप लागली होती. डॉक्टर सुई देऊन गेले होते, उतार पडेल म्हणाले होते. टीव्हीवर माझी मालिका ऐन रंगात... आतून आवाज आला, "शांता, बटन दाबलंस का? आज जरा जास्ती दाब. त्याला म्हणावं, ये."

मी जागची हलले नाही. "दाबलं हो, आत्याबाई!" तिथूनच ओरडले.

"बराबर दाबलं ना?"

"बराबर!"

मालिका संपल्यावर गेले, तर दाराकडे तोंड करून पडलेल्या. म्हणाल्या, "ओसरीतला दिवा राहू दे. निघाला असंल तो."

पहाटे गेल्या. फाट्यावर फोनचा बूथ होता. आदल्या संध्याकाळी एक फोन केला असता तर... मी तोही केला नव्हता. भाऊजी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगात ड्यूटीवरचाच शर्ट होता, शिवणीत ती काळी भुकटी.

बऱ्याच वर्षांनी ते पहिलं युनिट कायमचं बंद झालं आणि भाऊजीही निवृत्त होऊन वाटूरला आले. ओसरीत चहा पिताना म्हणाले, "युनिट वाढवलं बघा, वैनी." 'इझवलं' म्हणाले नाहीत, अगदी आत्याबाईंसारखं. मग जुनी गंमत सांगावी तसं सांगू लागले, "आमच्या पॅनलवर एक काटा होता. रोज दिवेलागणीला तीनदा हालायचा. साहेब लोकांनी मीटर बदलले, केबली उकरल्या, पर फॉल्ट काय घावला न्हाई. आम्ही तर त्याला नावच ठेवल्तं... उचकी."

माझा चहा बशीत तसाच राहिला. त्यावर साय धरली.

माझी नात इंजिनिअर आहे. ती म्हणते, "आजी, इथल्या एका बल्बनं तिथला काटा हलूच शकत नाही. लाइट गेलेली असताना तर मुळीच नाही." ते मलाही कळतं, दहावीला सायन्स होतं माझं! पण मग काटा कशानं हलायचा, ते तिलाही सांगता येत नाही आणि मलाही नाही. बटनाची थाप भाऊजींना कधीतरी सांगून टाकीनही. पण ते "बराबर" सांगायला तोंड उघडत नाही.

त्या दिवशी ओसरीत मी भाऊजींना एवढंच विचारलं, "मंग थांबली कधी तुमची उचकी?"

ते हसत म्हणाले, "आई गेली ना वैनी, त्याच्या आदल्या सांजंला. काटा हाललाच न्हाई. फॉल्ट गेला म्हणून अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले... मीच आणल्ते."