उजवा कळा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी पोटदुखीपासून भावाशी झालेल्या वाटणीपर्यंत सगळं सांगत असे. ती गेली तेव्हा मनात आलं, आता विचारणारंच कोणी नाही, सुटलो. पण सुटलो कुठला? आता तुम्हाला सांगायला बसलोय. तुम्ही हे आणखी कोणाजवळ बोलाल, ही शंका लिहिताना मनात आहेच. लोक मला संशयी म्हणतात. खोटं नाही ते. का झालो तसा, ते पुढं येईलच.

मागच्या महिन्यात रत्नागिरीत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. व्हिडिओनं सगळीकडची थेटरं गिळली, पण ह्या माणसानं आपलं थेटर तारलं, असं एक जण बोलला. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ असेल. मी थेटरचा मॅनेजर. मालक मुंबईला, त्यामुळे इथं माझाच शब्द चाले. गल्लोगल्ली व्हिडिओ पार्लरं निघाली होती — एक टीव्ही, चार बाकडी, खिडकीला गोणपाट. आमच्याकडं शुक्रवारी लागणारा सिनेमा त्यांच्याकडं बुधवारीच येऊन जायचा. मालकांची पत्रं यायला लागली की थेटर बंद करून गोदाम करूया. मला ते सहन होईना. मग मी डोकं चालवलं. शिमग्यात गावोगाव नमन होतं, आमचे खेळे नाचतात, सोंगं काढतात. ते मी दर मंगळवारी थेटरच्या स्टेजवर आणलं. वर त्याचं व्हिडिओ चित्रण करायचं आणि कॅसेट एस्टीनं मुंबईला गाववाल्यांच्या खोलीवर पाठवायची. चाकरमानी आपल्याच गावचं नमन मुंबईत बसून बघायचे आणि रडायचे म्हणे. पहिल्या तीन मंगळवारी थेटर भरलं. मी उडतच होतो.

ह्या कामात माझा उजवा हात होता गौतम. आमचा ऑपरेटर. सत्तावीस-अठ्ठावीसचा, बौद्धवाडीतला, कमी बोलणारा. प्रोजेक्टरवर त्याचा असा जीव की सुट्टीच्या दिवशीही येऊन पुसून जायचा. व्हिडिओची मशीनं आली तीही त्यानं आपली आपण शिकून घेतली. प्रत्येक कॅसेट मशीनच्या काउंटरवर कुठल्या आकड्याला थांबवली, ते तो लेबलवर पेन्सिलनं लिहून ठेवायचा. हा पेन्सिलचा आकडा लक्षात ठेवा.

चौथं नमन नाटे बंदराकडच्या एका गावाचं होतं. त्यांचा म्होरक्या धाकूदादा — साठीचा, पण सोंग घेतलं की विशीतला. चित्रण आम्ही आदल्या आठवड्यात दुपारी, दारं लावून, रिकाम्या थेटरात करून घेतलं. त्यात त्यानं मावशीचं सोंग घेऊन एक नवीन बोलणं घातलं, जे गावातही केलं नव्हतं. तिथल्या जेटीच्या कामाला आमच्या पुढाऱ्यानं तीन वेळा नारळ फोडला होता, आणि जेटीचा एक दगड हलला नव्हता. मावशी पदर सावरत म्हणते, "जेटी ऱ्हाऊंदे बाबा, निदान ह्या तीन नारळांचा खोबरा वाळवायला तरी कट्टा बांधा." गौतम मशीनमागं हसून हसून खाली बसला. मीही हसलो. हसलो, आणि हसता हसताच मला परवाना आठवला. थेटरच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलं होतं. ते त्याच पुढाऱ्याच्या एका शब्दावर होतं.

आता सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती कॅसेट पिशवीत घातली आणि स्वतः त्याच्या बंगल्यावर घेऊन गेलो. त्याला दाखवली. मीच.

का? मनाची समजूत अशी घातली होती की तो हसेल, एवढं वाक्य काढा म्हणेल, आणि मी आधी येऊन सांगितलं म्हणून परवाना मोकळा करेल. पण ते वाक्य काढायला त्याला विचारायची काय गरज होती? धाकूदादाला सांगितलं असतं तर तो निम्म्या वेळात दुसरं बोलणं रचून मोकळा झाला असता. मला वाक्य काढायचं नव्हतं. मला पुढाऱ्याचा आपला माणूस व्हायचं होतं. पुढारी हसला नाही. मंगळवारी त्याची माणसं काळे झेंडे घेऊन थेटरच्या दारात आली. आणि मावशीचं ते वाक्य जसंच्या तसं ओरडून म्हणत त्यांनी पोस्टरं फाडली. खेळ रद्द. धाकूदादाला लुगड्यातच बाहेर ओढलं. म्हाताऱ्याच्या कानशिलात मारली. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो.

वाक्य बाहेर गेलं कसं, हा प्रश्न आला. खेळे स्वतःच स्वतःचं नुकसान करणार नाहीत. उरलो आम्ही थेटरचे चार-पाच जण. धाकूदादानं निरोप धाडला — कौल लावायचा. देवळात सगळ्यांनी यायचं. नाहीतर आजूबाजूच्या एकाही गावचं नमन तुमच्या स्टेजवर पाय ठेवणार नाही.

त्याच दिवशी गौतम माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, कॅसेट मधी कोणीतरी चालवलीय. आकडा जुळत नाय." एवढंच. माझ्याकडं बघत होता की कॅसेटकडं, ते मला आजही सांगता येणार नाही. कॅसेटींच्या कपाटाची किल्ली फक्त माझ्याकडं असते हे त्याला माहीत होतं. त्याला कळलं होतं का? की साधेपणानंच सांगायला आला होता? त्या क्षणापासून मला त्याची भीती वाटू लागली. चांगल्या माणसाची भीती वाटते तेव्हा आपण काय करतो? मी त्याच्याबद्दल शंका पेरायला सुरुवात केली. बुकिंगवाल्याला म्हटलं, गौतम हल्ली पार्लरवाल्यांकडं फार जातो नाही? बस, एवढंच. बाकीचं लोकांनीच जुळवलं, की कॅसेट तिथूनच पुढाऱ्याकडं गेली. बौद्धवाडीतल्या माणसाबद्दल ते जुळवणं किती सोपं जाईल, हे मला माहीत नव्हतं असं म्हणू? माहीत होतं.

कौलाच्या सकाळी सगळे गाभाऱ्यापुढं बसले. गौतम आत आला नाही. देवळाभोवतीच्या जांभ्याच्या गडग्यापाशी, भिंतीबाहेरच उभा राहिला. मी बाहेर जाऊन त्याला बोलावलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तो म्हणाला, "साहेब, आमच्या बापाशीनं ह्ये सगळा छप्पन सालात सोडलान. तुमाला शंका आसंल तर माज्या तोंडावर विचारा." मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं उत्तर दिलं असतं, आणि मग कदाचित मलाही काही विचारलं असतं. मी आत वळलो. मागं कुजबुज सुरू झाली होती की बघा, यायला घाबरतो.

गुरवानं देवाचा पाषाण ओला करून दोन्ही अंगांना फुलांचे कळे लावले. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. तो प्रश्न मोठ्यानं मांडायला लागला, तेव्हा मी त्याला थांबवलं. म्हटलं, थेटरचा प्रमुख मी, मी मनात विचारतो. कोणाला वावगं वाटलं नाही. मी हात जोडले, डोळे मिटले आणि विचारलं. मग उजवा कळा पडला.

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "मी विचारलं, हे काम गौतमचं का."

गौतमनं दुपारी येऊन प्रोजेक्टर पुसला, कॅसेटींची लेबलं नीट लावली, माझ्यापुढं बूथची किल्ली ठेवली. पुढं गावात त्याला कोणी मशीनला हात लावू देईना. पार्लरवालेही नाही. तो चिपळूणकडं, पोफळीच्या वीजकेंद्रावर गेला, कुठल्याशा कंत्राटदाराकडं वायरी ओढायला. परवाना मला महिनाभरात मिळाला. नमनं पुन्हा सुरू झाली, थेटर आणखी काही वर्षं चाललं. मी मात्र त्यानंतर एकाही ऑपरेटरवर विश्वास टाकला नाही. सगळ्यांची कपाटं तपासायचो.

बऱ्याच वर्षांनी तो चिपळूणच्या स्टँडवर भेटला. केस पिकले होते. त्यानं माझी पिशवी उचलून गाडीत ठेवली आणि म्हणाला, "बरे आहात ना, साहेब?" घरी पोचल्यावर मी ती पिशवी उलटी करून बघितली, त्यानं काही ठेवलंय का. काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तो वारला असं कळलं. मी गेलो नाही.

त्या दिवशी गाभाऱ्यात मी गौतमचं नावही घेतलं नव्हतं. देवाला मी विचारलं होतं — माझं नाव शेवटपर्यंत झाकलेलं राहील ना?